कंटेनरच्या पुढे धावणारी माहिती

एखादे मोठे कंटेनर जहाज न्हावा शेवाच्या धक्क्याला लागते, तेव्हा त्यावरची कोणती पेटी कोठे रचलेली आहे, त्यांतल्या कोणत्या येथे उतरवायच्या आणि कोणत्या पुढच्या बंदरासाठी तशाच राहू द्यायच्या, कोणत्या पेटीत ज्वालाग्राही रसायन आहे आणि कोणत्या पेटीला अखंड वीज देऊन थंड ठेवावे लागते, हे सर्व टर्मिनलच्या नियोजन विभागाला जहाजाचे दोर बांधले जाण्यापूर्वीच ठाऊक असते. ही माहिती वेळेवर आली नाही, तर धक्क्यावर क्रेन ताटकळतात, यार्डात जागा कोठे मोकळी करायची ते कळत नाही आणि फाटकाबाहेर ट्रेलरची रांग वाढत जाते. माहिती पाठवणारा नियोजक मात्र बहुतेक वेळा दुसऱ्या देशात, दुसऱ्या कंपनीत आणि दुसऱ्याच संगणकप्रणालीवर काम करत असतो. तरीही त्याने पाठवलेले येथे बिनचूक समजते. ही सामाईक समज काही दशकांच्या, फारशी प्रसिद्धी न मिळालेल्या आंतरराष्ट्रीय सहकार्यातून आलेली आहे. त्या सहकार्याची कामे दोन होती: संगणकांनी एकमेकांशी कोणत्या भाषेत बोलायचे ते ठरवणे, आणि ती भाषा खरेपणाने वापरायला माणसांना शिकवणे. पहिले काम पुष्कळ अंशी साधले आहे, तर दुसऱ्याकडे अजून तेवढ्या गांभीर्याने पाहिले गेलेले नाही.

या भाषेचा सर्वांत साधा शब्द म्हणजे पेटीवर रंगवलेला क्रमांक. आंतरराष्ट्रीय मानकीकरण संघटनेच्या ६३४६ क्रमांकाच्या मानकानुसार प्रत्येक कंटेनरला चार रोमन अक्षरे, सहा अंक आणि शेवटी चौकटीत एक अंक अशी ओळख दिली जाते. अक्षरांवरून मालक कळतो आणि ही अक्षरे जगात दोघांना सारखी मिळू नयेत म्हणून त्यांची नोंद पॅरिसमधील आंतरराष्ट्रीय कंटेनर ब्यूरोकडे होते, जी संस्था १९३३ मध्ये, म्हणजे आजच्या कंटेनर जहाजांच्या कितीतरी आधी, स्थापन झाली होती. चौकटीतला अंक हा पडताळ्याचा अंक असतो. पाठ्यपुस्तकांत नेहमी दिला जाणारा नमुना सीएसक्यूयू ३०५४३८ असा आहे. मानकातील तक्त्याप्रमाणे या चार अक्षरांना अनुक्रमे १३, ३०, २८ आणि ३२ अशी मूल्ये मिळतात. मग दहाही स्थानांना डावीकडून १, २, ४, ८ अशा दुपटीने वाढणाऱ्या संख्यांनी गुणून बेरीज केली की ती ६१८५ येते, आणि तिला ११ ने भागल्यावर ३ उरतात. म्हणून चौकटीत ३ असतो. फाटकावरच्या कारकुनाने घाईत ३०५ च्या जागी ३५० लिहिले तर बेरीज ६०२५ होते, बाकी ८ येते आणि संगणक तो क्रमांक तेथल्या तेथे नाकारतो. अंकांची अदलाबदल ही हाताने लिहिताना होणारी सर्वांत नेहमीची चूक, आणि ती पकडण्याची सोय खुद्द क्रमांकातच करून ठेवणाऱ्यांनी माणसाचा हात कसा चालतो याचा नीट विचार केला होता, हे उघड आहे.

पेटीला नाव मिळाले, तशी जहाजावरील तिच्या जागेलाही सात अंकांचा पत्ता मिळाला. ०३४०२८२ हा असा एक पत्ता. पहिले तीन अंक जहाजाच्या लांबीतील खण सांगतात. खणाचा आकडा सम असेल तर पेटी ४० फुटी आणि विषम असेल तर २० फुटी, कारण ३४ व्या खणातील ४० फुटी पेटी ३३ आणि ३५ या दोन २० फुटी खणांची जागा व्यापते. पुढचे दोन अंक रुंदीतील रांग दाखवतात, ज्यात मध्यरेषेपासून डावीकडच्या रांगांना सम आणि उजवीकडच्या रांगांना विषम आकडे असतात, तर शेवटचे दोन अंक थराचे असून पोटातले थर ०२ पासून आणि डेकवरचे बहुधा ८२ पासून मोजले जातात. म्हणजे ही पेटी ४० फुटी आहे आणि ३४ व्या खणात, मध्यरेषेच्या डावीकडच्या पहिल्या रांगेत, डेकवर सर्वांत खाली ठेवलेली आहे. जहाजावरील सगळ्या पेट्यांचे असे पत्ते, वजने आणि पोहोचण्याची बंदरे एकत्र गुंफून जो संदेश जातो त्याला जहाजउद्योगात ‘बॅप्लाय’ म्हणतात, आणि त्यात बंदरांची नावेही पूर्ण न लिहिता संयुक्त राष्ट्रांच्या स्थळसंकेतांनी दिली जातात: न्हावा शेवासाठी आयएनएनएसए, अँटवर्पसाठी बीईएएनआर.

बॅप्लायची घडण जहाज कंपन्या आणि कंटेनर टर्मिनल यांच्या नियोजकांनी एकत्र येऊन चालवलेल्या एसएमडीजी या वापरकर्त्यांच्या गटात झाली, आणि तिचे व्याकरण ‘यूएन/एडिफॅक्ट’ या सर्वसाधारण मानकातून आले. या मानकाची जन्मकथा सहकार्याच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. १९८० च्या दशकात व्यापारी कागदपत्रे संगणकांमधून पाठवण्याचे दोन वेगळे प्रघात रूढ होऊ लागले होते, एक युरोपात संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक आयोगाच्या आश्रयाने आणि दुसरा अमेरिकेत. ते तसेच वाढले असते तर अटलांटिक ओलांडणाऱ्या प्रत्येक जहाजाला दुभाष्या लागला असता. वाटाघाटींनंतर दोहोंचा मेळ घालून वाक्यरचनेचे नियम १९८७ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मंजूर झाले. त्या काळी तार जोडणी महाग आणि मंद होती, म्हणून संदेश अतिशय आखूड, अधिक चिन्हांनी आणि अवतरणखुणांनी तोडलेले ठेवले गेले. आजच्या प्रोग्रामरला ते ओबडधोबड वाटतात, पण बंदरांमध्ये ते अजूनही रोज धावतात. त्यांची मालकी कोणाकडेच नाही, आणि त्यांच्या दीर्घायुष्याचे मुख्य कारण हेच मानावे लागेल.

याचा उलटा दाखला अलीकडचाच आहे. डेन्मार्कच्या मर्स्क या जहाज कंपनीने आणि अमेरिकेच्या आयबीएमने मिळून २०१८ मध्ये ‘ट्रेडलेन्स’ नावाचे व्यासपीठ जगापुढे आणले. अनेक भागीदारांकडे एकाच नोंदवहीची न बदलता येणारी प्रत ठेवणाऱ्या ब्लॉकचेन तंत्रावर ते उभे होते आणि निर्यातदार, जहाज कंपनी, बंदर, कस्टम, बँक या सर्वांनी एकाच ठिकाणी माहिती पाहावी असा त्यामागचा हेतू होता. तंत्रात मोठी खोट नव्हती आणि एमएससी, सीएमए सीजीएम यांसारख्या बलाढ्य स्पर्धकांनीही त्यात भाग घेतला. तरीही, संपूर्ण उद्योगाचे सहकार्य मिळवण्यात यश आले नाही असे सांगून नोव्हेंबर २०२२ मध्ये ते बंद करण्याची घोषणा झाली. आपल्या ग्राहकांची आणि दरांची चाहूल लागेल अशी माहिती प्रतिस्पर्ध्याच्या घरात ठेवायला व्यापारी राजी नसतो, मग त्या घराला कुलूप कितीही चांगले असो. याच काळात मर्स्क, एमएससी, हापाग-लॉइड आणि जपानची ओएनई यांनी २०१९ मध्ये अ‍ॅमस्टरडॅम येथे डिजिटल कंटेनर शिपिंग असोसिएशन ही ना-नफा संस्था उभारली होती. तिने व्यासपीठ न बांधता फक्त मानके लिहिण्याचे आणि ती सर्वांना खुली ठेवण्याचे काम घेतले. ती टिकली, वाढली.

सरकारांमधले सहकार्य याहून जुने आणि याहून संथ आहे. १९६५ मध्ये आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या छत्राखाली सागरी वाहतूक सुलभ करण्याचा करार झाला, जो ‘फाल करार’ या नावाने ओळखला जातो. त्यापूर्वी प्रत्येक बंदर जहाजाच्या कप्तानाकडून आपल्या पसंतीची कागदपत्रे, आपल्या नमुन्यात, हव्या तितक्या प्रतींत मागत असे. करारानंतर जहाजाचे सर्वसाधारण घोषणापत्र, मालाचे घोषणापत्र, खलाशांची यादी, धोकादायक मालाची यादी असे ठराविक नमुने रूढ झाले. कागदाचा नमुना एक झाला म्हणजे पुढे संगणकाचा नमुना एक होणे सोपे जाते. तरी त्या पायरीला अर्धशतक लागले: बंदरांनी ही माहिती संगणकाद्वारे स्वीकारणे ८ एप्रिल २०१९ पासून बंधनकारक झाले, आणि १ जानेवारी २०२४ पासून करारातील देशांवर ‘सागरी एक खिडकी’ उभारण्याची सक्ती आली. एक खिडकी म्हणजे जहाजाने माहिती एकदाच, एकाच ठिकाणी द्यायची आणि बंदर, कस्टम, आरोग्य, परदेशी प्रवेश ही खाती तेथून आपापला भाग उचलतील अशी व्यवस्था. सिंगापूरने व्यापारी परवान्यांसाठी अशी ‘ट्रेडनेट’ व्यवस्था १९८९ मध्येच सुरू केली होती. पण सिंगापूरला जे परवडते ते कॅरिबियनमधील छोट्या बेटाला किंवा आफ्रिकेतील मध्यम बंदराला परवडेलच असे नाही. म्हणूनच नॉर्वेने अँटिग्वा आणि बारबुडा या देशासाठी अशी प्रणाली तयार करून दिली आणि तिचा मूळ कोड इतर देशांनाही वापरता यावा अशी सोय केली, तर सिंगापूरने सागरी संघटनेच्या जोडीने अंगोलातील लोबितो बंदरात असाच प्रकल्प राबवला. आर्थिक मदत म्हणून क्रेन देण्याची रीत जुनी आहे. कोड देणे, आणि तो आपल्या सोयीने बदलण्याचा हक्कही सोबत देणे, ही त्याहून दूरवर पोहोचणारी मदत आहे.

भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर या सहकार्याचे ठळक उदाहरण रायगड जिल्ह्यातल्या उरण तालुक्यात सापडते. १९८९ मध्ये सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू बंदरातून, म्हणजेच न्हावा शेवातून, बाहेर पडलेली आयातीची पेटी पुढे कोठे आहे हे जाणून घेणे दीर्घकाळ ट्रान्सपोर्टरला फोन करण्यावर आणि चालकाच्या शब्दावर अवलंबून होते. पेटी जहाजावर असेपर्यंत तिचा पत्ता सात अंकांत सांगता येई, पण बंदराचे फाटक ओलांडले की ती नजरेआड होई. दिल्ली-मुंबई औद्योगिक मार्गिकेच्या उभारणीत जपान सुरुवातीपासून भागीदार होता. त्याच धाग्याने मार्गिकेची भारतीय विकास संस्था आणि जपानची एनईसी ही कंपनी यांच्या संयुक्त कंपनीने ‘लॉजिस्टिक्स डेटा बँक’ हा प्रकल्प हाती घेतला आणि जुलै २०१६ मध्ये त्याची सुरुवात न्हावा शेवापासून केली. कंटेनरला रेडिओलहरींनी ओळख पटवणारी छोटी पट्टी लावली जाते, आणि टर्मिनलचे फाटक, महामार्गांवरील टोलनाके, बंदराजवळची कंटेनर फ्रेट स्टेशने (सीएफएस), देशाच्या आतल्या भागातले कंटेनर डेपो अशा ठिकाणी बसवलेली वाचक यंत्रे ती पेटी पुढून गेल्याची वेळ नोंदवतात. मालकाला पेटीचा तोच अकरा खुणांचा क्रमांक टाकून तिचा ठावठिकाणा पाहता येतो. पुढे ही व्यवस्था देशातील इतर कंटेनर बंदरांपर्यंत पसरली. पेटी कोणत्या टप्प्यावर किती तास अडते याची आकडेवारी प्रथमच एका जागी आली, हा तिचा अधिक मोलाचा लाभ म्हणावा लागेल, कारण त्यामुळे विलंब कोणाकडे होतो हा वाद निदान आकड्यांवर करता येऊ लागला.

तथापि हे सारे तंत्र एका गोष्टीपुढे थबकते. पडताळ्याचा अंक क्रमांकातली चूक पकडतो. पेटीत काय आहे आणि तिचे वजन किती, हे मात्र कोणीतरी लिहिलेले असते आणि यंत्र त्यावर विश्वास ठेवते. जानेवारी २००७ मध्ये इंग्लिश खाडीतील वादळात ‘एमएससी नापोली’ या जहाजाचा सांगाडा फाटला आणि शेवटी ते डेव्हन किनाऱ्यावरील ब्रॅन्सकॉम्बपाशी उथळ पाण्यात आणून टेकवावे लागले. ब्रिटिश सागरी अपघात तपास शाखेने डेकवरच्या कोरड्या राहिलेल्या सुमारे ६६० पेट्या वजनकाट्यावर चढवल्या, तेव्हा त्यांतील १३७ पेट्यांचे खरे वजन सांगितलेल्या वजनापेक्षा तीन टनांहून अधिक फरकाचे निघाले. सर्वांत मोठा फरक २० टनांचा होता. जहाजाच्या सांगाड्यावर पडणाऱ्या ताणाचे गणित संगणक करतो, पण त्याला दिलेल्या वजनांचा पाचवा हिस्साच असा खोटा असेल, तर उत्तराला काय किंमत राहणार? तपासणीने जहाज फुटण्याची जबाबदारी एकट्या वजनांवर टाकली नाही, रचनेतील कमकुवतपणा आणि समुद्राच्या मानाने जास्त ठेवलेला वेग हीही कारणे दाखवली. मात्र वजनाचा प्रश्न त्यानंतर मागे सारता आला नाही. १ जुलै २०१६ पासून भरलेल्या पेटीचे प्रमाणित वजन सांगितल्याशिवाय ती जहाजावर चढवू नये असा नियम जगभर लागू झाला आणि त्यासाठी एसएमडीजीने नवा संदेशनमुनाही बनवला. न्हावा शेवाच्या फाटकातून निर्यातीची पेटी आत नेण्यासाठी जो ‘फॉर्म १३’ भरावा लागतो, जो आता संगणकावरच भरला जातो, त्यातही जहाज, सील आणि क्रमांक यांच्या जोडीने वजन येते. तो आकडा भरणारा माणूस कस्टम एजंटाच्या कार्यालयातला कनिष्ठ कर्मचारी असतो, बहुधा जहाजाच्या कटऑफची, म्हणजे पेट्या स्वीकारण्याच्या शेवटच्या मुदतीची, वेळ गाठण्याच्या घाईत. आपण टाकत असलेला आकडा अरबी समुद्रात लाटांवर उभ्या राहणाऱ्या एका सांगाड्याच्या गणितात जाणार आहे, हे त्याला कोणी समजावून सांगितलेले असते का, हा प्रशिक्षणाचा खरा प्रश्न आहे.

परस्परांत गुंतलेल्या प्रणालींचे दुसरे दुखणे २७ जून २०१७ रोजी जगाला कळले. युक्रेनमधील एका लेखा-सॉफ्टवेअरच्या अद्ययावतीकरणातून ‘नॉटपेट्या’ हा विध्वंसक प्रोग्राम पसरला आणि काही तासांत मर्स्कचे संगणक जगभर बंद पडले. न्हावा शेवातील त्याच समूहाच्या टर्मिनलचे कामकाजही त्यात ठप्प झाले. कंपनीच्या अध्यक्षांनी नंतर सांगितल्याप्रमाणे दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. वापरकर्त्यांची ओळख सांभाळणाऱ्या मध्यवर्ती नोंदीच्या सगळ्या प्रती पुसल्या गेल्या होत्या. एकच प्रत वाचली, ती घानातील कार्यालयात, कारण हल्ल्याच्या वेळी तेथील वीज गेली होती. तिथली इंटरनेट जोडणी इतकी अशक्त होती की ती प्रत तारेने पाठवायला दिवस लागले असते, आणि घानातील कर्मचाऱ्यांकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता, म्हणून एकाने ती नायजेरियाच्या विमानतळापर्यंत नेली आणि तेथून दुसऱ्याने लंडनजवळच्या कार्यालयात. योगायोगाने त्याच महिन्यात आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने सायबर धोका हा जहाजांच्या सुरक्षा-व्यवस्थापनाचा भाग मानावा असा ठराव केला होता, ज्याची अंमलबजावणी २०२१ पासून तपासली जाऊ लागली. आता कप्तान, मुख्य अभियंता आणि किनाऱ्यावरचे कार्यालय या सर्वांना अनोळखी पेनड्राइव्ह आणि संशयास्पद ई-मेल हा विषय तितक्याच गांभीर्याने शिकावा लागतो, जितका आग विझवण्याचा.

जहाजावरच्या माणसांच्या शिक्षणाची आंतरराष्ट्रीय चौकट पक्की आहे. खलाशांचे प्रशिक्षण, प्रमाणपत्रे आणि पहारा यांविषयीचा १९७८ चा करार २०१० मध्ये मनिला येथे दुरुस्त झाला आणि त्यामुळे मुंबईत, मनिलात किंवा ओडेसात घेतलेले प्रमाणपत्र एका किमान पातळीवर सारखे ठरते. उच्च शिक्षणासाठी स्वीडनमधील माल्मो येथे १९८३ पासून जागतिक सागरी विद्यापीठ आहे. किनाऱ्यावरच्या माणसांसाठी मात्र असा सक्तीचा करार नाही. तेथे जे आहे ते स्वेच्छेने उभे राहिले. बेल्जियममधील अँटवर्पच्या बंदर प्रशिक्षण केंद्रात १९७७ पासून विकसनशील देशांतील बंदर अधिकारी येऊन शिकतात, आणि याच केंद्राच्या सहकार्याने न्हावा शेवालाही प्रशिक्षण व सल्ल्यासाठी स्वतंत्र संस्था उभी राहिली.

संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार व विकास परिषदेचा बंदर व्यवस्थापन कार्यक्रम याहून वेगळ्या धाटणीचा आणि अनुकरणीय आहे. त्यात शिकणारे परदेशी जात नाहीत, शिकवणारे येतात. डब्लिन, बेलफास्ट आणि कॉर्क या आयरिश बेटावरील बंदरांतील अनुभवी अधिकारी घाना, टांझानिया, नामिबिया, मालदीव, इंडोनेशिया, फिलिपिन्स अशा देशांतल्या बंदरांत जाऊन तेथील वरिष्ठांच्या जोडीने वर्ग घेतात. फ्रेंच भाषकांसाठी मार्सेय आणि स्पॅनिश भाषकांसाठी व्हॅलेन्सिया हीच भूमिका बजावते. आठ घटकांचा हा अभ्यासक्रम २४० तासांचा असून मध्यम पातळीचे व्यवस्थापक नोकरी सांभाळून सुमारे दोन वर्षांत तो पुरा करतात. शेवटी प्रत्येकाला आपल्याच बंदरातील एका खऱ्या अडचणीवर प्रबंध लिहावा लागतो. या एका अटीमुळे ज्ञान घरचे होते: विद्यार्थी परक्या बंदराची स्तुती करून मोकळा होत नाही, तर आपल्या फाटकावर ट्रेलर का अडतो याचे मोजमाप करतो आणि ते आपल्याच वरिष्ठांपुढे मांडतो. शिवाय यशस्वी विद्यार्थ्यांतूनच पुढचे शिक्षक तयार केले जातात, त्यामुळे आयरिश पाहुणा गेला तरी वर्ग चालू राहतो.

तरीही हा कार्यक्रम, अँटवर्पचा आणि विद्यापीठाचा, हे तिन्ही मुख्यतः व्यवस्थापकांसाठी आहेत. फॉर्म १३ भरणारा, सीएफएसमध्ये पेटी उघडून मालाची मोजणी करणारा, यार्डात कोणती पेटी कोणाखाली गेली हे टॅबवर नोंदवणारा, यांच्यापर्यंत आंतरराष्ट्रीय मानके फक्त सॉफ्टवेअरच्या पडद्यावरील रिकाम्या चौकोनांच्या रूपात पोहोचतात. त्या चौकोनांमागचे कारण त्यांच्या भाषेत, म्हणजे उरणमध्ये मराठीत आणि मुंद्र्यात गुजरातीत, समजावणारी पुस्तिका तयार करायला मोठा निधी लागत नाही. डब्लिनने घानाला जसे आपले अधिकारी दिले, तसे येथील बंदराने आपले अनुभवी नियोजक महिन्यातून एक दिवस जवळच्या सीएफएसना दिले, तरी वजन आणि धोकादायक माल यांच्या घोषणांमध्ये फरक पडू शकेल.

या सहकार्यापुढचे सर्वांत अवघड काम अजून अपुरे आहे, ते म्हणजे बिल ऑफ लेडिंग कागदावरून संगणकावर आणणे. हे पत्र मालाची पावती आणि वाहतुकीच्या कराराचा पुरावा तर असतेच, शिवाय ज्याच्या हाती ते आहे त्याला माल मागण्याचा हक्क देते. म्हणून समुद्रावर असलेला माल ते हातोहात देऊन विकता येतो आणि बँका त्यावर कर्ज देतात. संगणकातील फाइलच्या मात्र हव्या तितक्या प्रती निघतात, तेव्हा ‘हाती असणे’ याचा अर्थ काय हे कायद्यानेच सांगावे लागते. संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार कायदा आयोगाने त्यासाठी २०१७ मध्ये नमुना कायदा दिला, बहारीन आणि सिंगापूर यांनी तो लवकर स्वीकारला, ब्रिटनने सप्टेंबर २०२३ पासून स्वतःचा कायदा लागू केला, आणि भारताने १८५६ चा बिल ऑफ लेडिंग कायदा रद्द करून २०२५ मध्ये त्या जागी नवा आणला. डिजिटल कंटेनर शिपिंग असोसिएशनच्या नऊ सदस्य कंपन्यांनी २०३० पर्यंत ही सर्व पत्रे इलेक्ट्रॉनिक स्वरूपात देण्याचे वचन फेब्रुवारी २०२३ मध्ये दिले आहे. ते पाळायचे तर जहाज कंपन्यांच्या बरोबरीने माल पाठवणारा लासलगावचा कांदा निर्यातदार, त्याला कर्ज देणारी बँकेची शाखा, त्याचा कस्टम एजंट आणि दुबईतील खरेदीदार या साऱ्यांना नवी रीत आधी शिकवावी लागेल, आणि त्यासाठीची आखणी २०३० च्या आत पूर्ण करण्याइतकी वर्षे आता फार उरलेली नाहीत.